सूर्यास्तासाठी राखलेला चहा

घर बंद करून बाहेरगावी निघताना घरात ओलं काही ठेवायचं नाही, हा आमच्या वडिलांचा नियम. माठ पालथा, बादल्या पालथ्या, पोतेरं दोरीवर, आणि शिजवलेलं अन्न एक शीत नाही. मुंग्या होतात, झुरळं होतात, वास मारतो. वडिलांच्या काळात आमच्याकडे फ्रिज नव्हता. तो आला तेव्हा नियमाचा विस्तार मी स्वतःच्या अधिकारात केला: फ्रिज पूर्ण रिकामा, उरलंसुरलं शेजारच्या काकूंकडे, दार उघडं आणि मेन स्विच खाली. अठ्ठावीस वर्षं शाळेच्या ऑफिसात कारकुनी केलेल्या माणसाला एखादा नियम वाढवायची संधी मिळाली की तो सोडत नाही.

या नियमानं मी माझ्या बायकोला मारता मारता राहिलो, त्याची ही गोष्ट.

बायको वरवट बकालची. मी तिला बघायला गेलो तेव्हा तिच्या वडिलांनी, ते मास्तर होते, आम्हाला पाच मिनिटं बोलायला म्हणून गच्चीवर पाठवलं होतं. गच्चीवर ज्वारीचे पापड वाळत होते आणि उत्तरेला, सगळ्या रानाच्या पलीकडे, सातपुड्याची निळी रेघ होती. काय बोलावं सुचेना म्हणून मी म्हटलं, "छान दिसतो डोंगर." ती म्हणाली, "रोज पाह्यतो आम्ही. पण मी गेली नाही कधी तिकडं. पोरीले कोण नेते?" मी छाती काढून म्हणालो, "मी नेईन ना." त्यावर ती हसली, आणि माझं लग्न जमलं.

त्याला पंचवीस वर्षं झाली. मधल्या काळात मी तिला जालन्याला नेलं, बुलढाण्याला दवाखान्यात नेलं, नागपूरला दीक्षाभूमीवर नेलं. तेवढा डोंगर राहिला.

यंदा दिवाळीनंतर पुण्याच्या मुलानं लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून तंबू पाठवला. निळ्या रंगाचा, गुंडाळला की उशीएवढा. सोबत मोबाइलवर व्हिडिओ पाठवले. त्यातल्या एकात एक जोडपं डोंगरात तंबू लावून बसलंय, समोर सूर्य मावळतोय आणि नवरा फ्लास्कमधून स्टीलच्या कपात चहा ओततोय. त्या चहाची वाफ माझ्या डोक्यात गेली. मी तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की हेडमास्तरांनी विचारलं, "तब्येत बरी आहे ना?"

आता एक गोष्ट सांगायला हवी. सात वर्षांपूर्वी बायकोच्या स्वादुपिंडानं जे कामबंद आंदोलन पुकारलं, ते अजून मागे घेतलेलं नाही. तिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही. सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी टोचून घ्यावं लागतं. तिचे वडील गेले त्या दिवसांत, माणसांच्या गर्दीत, तिचे दोन डोस राहिले होते. तिसऱ्या दिवशी तिला अँब्युलन्समधून न्यावं लागलं. श्वासाला कुजक्या फळांसारखा वास येत होता आणि ती मला ओळखत नव्हती. डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले होते, "पुन्हा एकही चुकवायचा नाही. दरवेळी वेळेत पोचालच असं नाही." हे वाक्य मला पाठ आहे. पाठ असलेल्या वाक्याचा उपयोग किती, ते पुढे येईलच.

निघायच्या सकाळी तिनं इंजेक्शन घेतलं, पेन डब्यात ठेवलं, डबा फ्रिजमध्ये ठेवला आणि अंघोळीला गेली. जाताना ओट्यावर रुंद तोंडाच्या फ्लास्कमध्ये बर्फाचे खडे भरून ठेवले. निघताना शेवटी पेन त्यात घालायचं, असा तिचा बेत. तो डबा श्रीखंडाचा होता. आमच्या घरात श्रीखंडाच्या डब्यात श्रीखंड कधीच नसतं. बिस्किटाच्या डब्यात सुईदोरा असतो, हॉर्लिक्सच्या बरणीत हळद असते. हे मला पंचवीस वर्षं माहीत आहे. पण निघायच्या घाईत माणूस डब्यावरच्या चित्रावर विश्वास ठेवतो.

मी नियमाप्रमाणे कामाला लागलो. अर्धा लिटर दूध, दही, चार वांगी, कोथिंबीर आणि श्रीखंडाचा डबा, असं सगळं एका पिशवीत घालून काकूंच्या हातात दिलं. काकू म्हणाल्या, "अय्या, श्रीखंड बी?" मी उदारपणे म्हणालो, "खा हो काकू, तिला तसंही गोड चालत नाही." मग ओट्यावरचा फ्लास्क दिसला. बर्फ! म्हणजे ओलं! ते मोरीत ओतलं आणि त्यात पातेल्यातला सगळा चहा भरला, सूर्यास्तासाठी.

ती केस पुसत बाहेर आली. "फ्रिजमधलं घेतलं का सगळं?"

"सगळं. एक थेंब ठेवला नाही."

तिनं गाडीत डोकावून पाहिलं. मागच्या सीटवर फ्लास्क होता. तिचं समाधान झालं. मी मेन स्विच खाली केला आणि आम्ही देऊळगाव राजातून सातपुड्याकडे निघालो.

तो दिवस मला नीट आठवतो, कारण त्यातलं सगळं सुख मला पुढे परत करावं लागलं. चिखलीच्या पुढे हवा गार झाली. बुलढाण्याला कचोरी खाल्ली. राजूर घाटात तिनं मला तीनदा गाडी थांबवायला लावली. खाली सगळा सपाट मुलूख पसरलेला, उन्हात धुरकट. ती कठड्याला धरून उभी होती आणि म्हणाली, "याच्या पार तिकडं माहं गाव. अन् त्याच्या तिकडं आपला डोंगर." आपला, म्हणाली. नांदुऱ्याच्या पुढे कापसाच्या गाड्यांमागून जाताना रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना कापूस अडकलेला होता. झाडांना दाढ्या आल्यासारखा. वाटेत दोन वेळा टपरीवर चहा घेतला. तिथं कोणी फ्लास्क उघडला असता तर सगळं तिथंच उघड झालं असतं. पण ती फ्लास्कला हात लावीना, औषध गरम होईल म्हणून. आणि मी लावीना, सूर्यास्त व्हायचा म्हणून.

वरवट बकालला तिच्या माहेराच्या घरासमोर गाडी थांबवली. घराला कुलूप. भाऊ अकोल्याला असतो. विहाराजवळच्या चौकातून पुढे गेल्यावर निळी रेघ आता रेघ राहिली नव्हती. तिला घड्या पडल्या होत्या, झाडी दिसत होती. पुढे रस्ता बारीक झाला, मग कच्चा झाला. साग, पळस, मध्येच एखादं पांढऱ्या बुंध्याचं सालईचं झाड. ती काच खाली करून लहान मुलीसारखी हनुवटी दारावर टेकवून बसली होती.

एका नाल्यापाशी आलो. पाण्याची बारीक धार, बाजूला पांढरी रेती, समोर डोंगर उघडा. अगदी व्हिडिओतल्यासारखं.

"गाडी वर रस्त्यावरच राहू द्या," ती म्हणाली.

"अगं, तंबूच्या मागे गाडी दिसली पाहिजे. फोटोत बरं दिसतं."

गाडी मी रेतीत उतरवली. चाकं जरा फसफसली, तिकडे मी लक्ष दिलं नाही. तंबू लावायला पाऊण तास गेला. एक काठी उरली, ती कुठली ते कळेना. सूर्य डोंगराच्या खांद्यावर आला. मी दोन स्टीलचे कप पुसून ठेवले आणि म्हणालो, "डोळे मीट. तुला एक गंमत दाखवतो."

"थांबा, आधी सुई घेऊन घेते. मग जेवू." असं म्हणत तिनं फ्लास्क उचलला. मीही त्याच वेळी फ्लास्कला हात घातला. दोघांचे हात एका झाकणावर. ती हसली. मी झाकण फिरवलं.

वाफ आली.

ती त्या वाफेकडे बघत राहिली. मग फ्लास्क माझ्या हातातून घेऊन तिनं आत बोट घातलं, चटका बसला तसं काढलं.

"हा चाय आहे," ती म्हणाली.

"हो, तीच तर गंमत."

"अन् पेन?"

"कसलं पेन?"

"काऊन हो, फ्रिजमधलं सगळं घेतलं म्हणाले ना तुम्ही? श्रीखंडाच्या डब्यातलं?"

 माझ्या तोंडाकडे बघून तिला उत्तर मिळालं. ती रेतीवर बसली. सूर्य मावळत होता आणि तो खरंच फार सुंदर मावळत होता. इतका नालायक सूर्यास्त मी आयुष्यात पाहिलेला नाही.

तिच्या पर्समध्ये साखर मोजायचं मीटर होतं. बोटाला टोचून तिनं थेंब लावला. तीनशे चाळीस. मीटर पुसून तिनं पर्समध्ये ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, "चला. वरवटले मेडिकल आहे. नऊला बंद होते."

मोबाइलवर एकही दांडी नव्हती. मी गाडी सुरू केली, गिअर टाकला, चाक गरगर फिरलं आणि गाडी बुडाली. पुढे नाही, मागे नाही, नुसती खाली. मी उतरून हातांनी रेती उपसली. उपसली तेवढी परत आली, खालून पाणी आलं. मी पुन्हा एक्सिलेटर दाबला. ती बाहेरून ओरडली, "नका ना करू तसं, अजून जाऊन राह्यली आत!" पण थांबलो तर विचार करावा लागेल, या भीतीनं मी दाबतच राहिलो. शेवटी बंपर रेतीला टेकला.

मग मी तंबू उपटला. मुलानं पाठवलेला तो निळा तंबू, काठ्यांसकट, चाकाखाली कोंबला. चाकानं तो खाल्ला. त्याची एक कड मागून बाहेर फेकली गेली आणि गाडी वीतभर पुढे सरकून पुन्हा बसली. त्या तंबूत आम्ही एक मिनिटही झोपलो नाही.

बायको दगडावर बसून पाणी पीत होती. एक बाटली संपली, दुसरी उघडली. मला त्या तहानेची ओळख होती. मागच्या वेळीही सुरुवात तहानेनंच झाली होती. मी तिच्याजवळ गेलो आणि तिचं तोंड हुंगायला लागलो.

"काय करता?"

"वास बघतोय."

"अजून नाही येत," ती म्हणाली. आणि पुन्हा बाटली उचलत, "आला तर सांगा मले."

पंचवीस वर्षांच्या संसारात मी तिला रडून दाखवलं नव्हतं. तेव्हा रडलो. ती म्हणाली, "रडू नका, आधी माणूस पाहा कोणी." मी नाल्याच्या वर चढून हाका मारायला लागलो. काय हाक मारावी तेही कळेना. "अहो" म्हणावं तर ते कुणाला? शेवटी नुसता ओरडत राहिलो.

उजेड जाता जाता वरून बकऱ्यांच्या घंट्या ऐकू आल्या. मागे एक म्हातारा आणि त्याची म्हातारी. पलीकडच्या पाड्यावरची माणसं. म्हाताऱ्यानं गाडी पाहिली, मग मला पाहिलं.

"रेतीत गाडी कोन घालते बाबू?"

"मी."

"हां, दिसतेच," तो म्हणाला.

मी एका दमात सगळं सांगितलं. साखर, सुई, फ्लास्क, श्रीखंड. त्याला त्यातलं किती कळलं कोण जाणे. म्हातारीनं मात्र बायकोच्या कपाळाला हात लावला आणि त्याला त्यांच्या बोलीत काहीतरी तोडून सांगितलं. तो बकऱ्या तिथंच सोडून चढावर पळत सुटला. त्या वयाचा माणूस पळत होता. म्हणजे प्रकरण तितकं आहे तर.

तो बैल घेऊन येईपर्यंतचा अर्धा तास मला लिहिता येत नाही. मी दर पाच मिनिटांनी तिला नाव विचारत होतो, तिचं, माझं, मुलाचं. चौथ्या वेळी ती म्हणाली, "परीक्षा घेऊन राह्यले का? मी हुशार होती शाळेत." पण शब्द जड झाले होते. म्हातारीनं तिच्यासाठी गुळाचा चहा करून आणायची गोष्ट काढली, तर मी "नको!" म्हणून इतक्या जोरात किंचाळलो की बकऱ्या बिचकल्या. म्हातारी माझ्यापासून जरा लांब सरकून बसली. वेडा म्हणाली असेल, तर बरोबरच म्हणाली.

बैल आले. चऱ्हाट मी घाईनं बंपरला बांधलं. बैलांनी ओढलं, बंपर निघून बैलांच्या मागे गेला, गाडी जागेवर. म्हाताऱ्यानं एकदा आकाशाकडे पाहिलं, मग खाली वाकून स्वतः गाडीच्या पोटात कुठंतरी गाठ मारली. "तू बस आत. अन् कायले हात नको लावू. नुसतं स्टेरिंग सरळ धर." म्हातारी आणि माझी बायको मागून ढकलायला लागल्या, तेव्हा मी उडी मारून उतरलो. बायकोला उचलून आत स्टिअरिंगपुढे बसवलं आणि स्वतः मागून ढकलायला लागलो. म्हाताऱ्यानं बैलांना शिव्या घातल्या, बहुतेक मलाही. रेतीनं एक मोठा आवाज करून गाडी सोडली.

हात जोडायलाही मी धड थांबलो नाही. बंपर तिथंच राहिला. आजही तो कुठल्यातरी गोठ्याच्या कुंपणाला असेल.

वरवटकडे येताना ती दोनदा ओकली. रस्त्याच्या हिसक्यांनी की साखरेनं, मला कळायला मार्ग नव्हता. मी एका हातानं स्टिअरिंग धरलं होतं आणि दुसऱ्यानं तिचं मनगट. "बोलत राहा," मी म्हणत होतो, "काहीही बोल." ती म्हणाली, "फ्लास्क धुऊन ठेवला होता मी. काल रात्री. खास." एवढंच बोलली.

डांबरी रस्त्याला लागलो आणि मोबाइल एकदम वाजायला लागला. काकूंचे अकरा मिस्ड कॉल. मी लावला.

"अहो भाऊ, कुठं आहेत तुम्ही! संध्याकाळपासून फोन लावून दमले मी. पाहुणे आले म्हणून श्रीखंड वाढायला डबा उघडला, तर आत सुया! ठेवलंय फ्रिजात, हात नाही लावला. वहिनी बऱ्या आहेत ना?"

"काकू," मी म्हणालो, "नंतर बोलतो."

"अहो, पण..."

मी फोन ठेवला. मेडिकलचं शटर अर्धं खाली आलं होतं. मी गाडी तशीच रस्त्यात सोडून शटरखालून वाकून आत गेलो. दुकानदार माझ्याच वयाचा. मी म्हणालो, "इन्सुलिन द्या."

"कोन्तं?"

"इन्सुलिन," मी पुन्हा म्हणालो.

"साधं देऊ का मिक्स? मिक्समध्ये बी किती प्रकार आहेत. पेनातलं की शिशीतलं? किती युनिट घेते पेशंट?"

सात वर्षं. दिवसातून दोनदा. ती ओट्याकडे तोंड करून, पदर बाजूला घेऊन टोचून घ्यायची आणि मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसायचो. मला रक्त-सुई बघवत नाही, असं मी कौतुकानं सगळ्यांना सांगायचो. मला नाव माहीत नव्हतं. रंग माहीत नव्हता. त्या डब्यात मी एकदा जरी डोकावलो असतो, तर तो डबा माझ्या हातून काकूंकडे गेलाच नसता. नियमाचं निमित्त होतं. मी गाडीकडे धावलो, तिला हलवून विचारलं. ती "पिवळं... पिवळ्या बटनाचं..." एवढं म्हणून थांबली.

मग मी काकूंना परत फोन लावला. ओरडून सांगितलं, डब्याचा फोटो पाठवा, सगळ्या बाजूंनी. एका मिनिटात फोटो आला. पेन, पेनावरचं नाव, आणि डब्याच्या झाकणाच्या आतून चिकटवलेली एक चिठ्ठी, तिच्या अक्षरात: सकाळी किती, संध्याकाळी किती, डॉक्टरांचा नंबर. खाली लिहिलं होतं, "मी बेशुद्ध असल्यास."

ती चिठ्ठी तिनं कोणासाठी लिहिली होती, हे सांगायची गरज नाही. घरात दोनच माणसं राहतो आम्ही.

दुकानदार चिठ्ठी वाचून गाडीपाशी आला आणि आत वाकून पाहिलं. "ताई? गुरुजींची पोरगी ना तू?" तिनं मान हलवली. त्यानं डॉक्टरांना फोन लावला, बोलून घेतलं आणि पेन तयार करून तिच्या हातात दिलं. तिच्या हातून सुई जागेवर बसेना. तिनं पेन माझ्यापुढे धरलं.

"मला नाही येत गं."

"शिका," ती म्हणाली.

दुकानदारानं पोटाची चिमूट कशी धरायची ते सांगितलं. मी ती धरली. बटण दाबलं. पिवळं होतं.

"दहा मोजा, मग काढा," ती डोळे मिटून म्हणाली.

मी मोठ्यानं मोजले. सात, आठ, पुन्हा सात मोजले असावेत, कारण ती म्हणाली, "जाऊ द्या, झालं."

तिथून सरकारी दवाखान्यात सलाइन. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलंत. मला "लवकर" या शब्दावर वाद घालावासा वाटला. सकाळी साखर उतरली. दवाखान्याच्या आवारात कडुनिंबाखाली मी तिला खुर्ची टाकून दिली. उत्तरेला ती निळी रेघ होती, गच्चीवरून दिसायची तशीच, घड्या गेलेल्या, पुन्हा नुसती रेघ. ती तिकडे बघत होती. मला वाटलं आता ती मला जे बोलायचं ते बोलेल. मी तयारही होतो.

ती म्हणाली, "त्या म्हातारीच्या बकऱ्या घरी आल्या असतील ना?"

"आल्या असतील."

"तुम्ही विचारलं नाही तिले काहीच. नावबी नाही."

नाही विचारलं. नावं विचारायचं मला सुचतच नाही, हे एव्हाना आम्हा दोघांना माहीत झालं होतं.

आता संध्याकाळचं इंजेक्शन मी देतो. तिला माझा हात जड वाटतो. दर वेळी "अं" म्हणते. मी दहापर्यंत मोजतो. डबा तोच आहे, श्रीखंडाचा, मी बदलू म्हटलं तर तिनं बदलू दिला नाही. झाकणाच्या आतली चिठ्ठी मात्र मी रोज वाचतो. पाठ आहे. तरी वाचतो.